शब्दजोड्यांचा डेक: 'फेन'ची जळू झाली

मराठीत ज्यांना एकच शब्द आहे अशा इंग्रजी शब्दांच्या जोड्या मी अँकी या फ्लॅशकार्डांच्या अॅपवर पाठ करतोय (कार्डांचा गठ्ठा म्हणजे डेक). काल रात्री अँकीने 'फेन'चं, म्हणजे दलदलीच्या एका प्रकाराचं कार्ड, सारखं चुकतं म्हणून 'लीच' ठरवून बाजूला टाकलं. आठव्यांदा चुकलो होतो. लीच म्हणजे जळू, आणि लागली ती नेमकी दलदलीच्या कार्डाला! आधी हसलो, मग डोकं धरून बसलो.

त्याआधी चांगली बातमी: मागच्या वेळी जिचं रडगाणं गायलो ती सशांची जोडी सुटली. हेअर-रॅबिटचे (आपल्याकडे दोघेही ससेच) कान नि पाय मोजायचं सोडून थेट पिलांवर आलो. हेअरचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे, रॅबिटचं उघडंबोडकं आणि डोळे मिटलेले. तीन आठवडे एकदाही अडलो नाही. तयार डेक मात्र उतरवून घेऊ नका. परवा एकात 'हेअर'खाली बिनदिक्कत रॅबिटचा फोटो होता.

आता दलदल. माझी मूळ चूक म्हणजे कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसतं 'दलदल' आणि मागे स्वॉम्प, मार्श, बॉग, फेन. एका प्रश्नाला चार उत्तरं. मेंदू कुठलंही एक फेकतो. पहिले दोन लवकर सुटले. झाडं उभी असली की स्वॉम्प, गवत-लव्हाळं असलं की मार्श. बॉग-फेन मात्र हटेनात. दोन्हींत खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. फोटोवर भाग झाकून विचारणारी कार्डंही केली. वाया गेली, कारण फरक माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हता. त्यात 'फेन' म्हटलं की आपल्याला आधी फेस आठवतो!

शेवटी पाण्याने सोडवलं. बॉगला पाणी फक्त पावसाचं, म्हणून आम्लधर्मी आणि निकस. तिथे स्फॅग्नम शेवाळ आणि किडे खाणारा ड्रॉसेरा. फेनला भूजल मिळतं, त्यातून खनिजं येतात, आम्लता कमी. आणि खरी गंमत पुढे आहे: पीट साचत साचत पृष्ठभाग भूजलाच्या वर गेला की उरतं फक्त पावसाचं पाणी. म्हणजे फेनचंच बॉग होतं! ही गोष्ट कळल्यावर कार्ड असं झालं: 'खाली पीट, पाणी जमिनीतलं. ओळखा.'

पुढचा नंबर कासवांचा होता, पण हे लिहिताना लक्षात आलं की 'शिंग' शब्दालाही हाच आजार आहे. चितळाचं ते अँटलर, हाडाचं, दरवर्षी गळणारं. काळविटाचं ते हॉर्न, आत हाड, वर केराटिनचं (आपली नखं ज्याची असतात त्याचं) आवरण, कायमचं. आपण दोघांनाही हरीण म्हणून मोकळे. तेव्हा कासवं थांबतील, आधी शिंगं. फक्त प्राँगहॉर्नचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या हरणासारख्या प्राण्याचं, काय करू? नावात हॉर्न, आवरण मात्र दरवर्षी टाकतो. त्याला वेगळं कार्ड द्यावं की सरळ वगळावं? तुम्ही काय केलंत?

फेनचं कार्ड पुन्हा चालू केलंय. उद्या सकाळी पहिलं तेच येणार.