तुम्ही विचारलंत म्हणून: घरात राक्षस कशाला?

‘मॅडम, तुम्ही राक्षसांचीच चित्रं का काढता? भीती नाही वाटत?’ वेंगुर्ल्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, पालकसभेत, हा प्रश्न ठरलेला. विचारणारा अर्धवट हसत असतो, म्हणून मीही आजवर काहीबाही सांगून विषय बदलत आले. आता एकदा नीट सांगते.

आधी तुम्हालाच विचारते. दशावतारात काळ्या बुरख्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासूर आला की पेंगणाऱ्या पोरांना उठवून पुढे बसवणारे तुम्हीच ना? आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहणारेही तुम्हीच. भुतांचा राजा वेताळ, तोच गावाचा राखणदार, यात तुम्हाला काही खटकत नाही. मग माझ्या भिंतीवरचे तेवढे अशुभ कसे?

देव काढताना चित्रकाराचे हात बांधलेले असतात. हात किती, आयुधं कोणती, वाहन कुठलं, सगळं आधीच ठरलेलं. राक्षसाच्या बाबतीत मोकळीक असते, आणि तिथे माणूस आपली भीती ओततो. इटलीतल्या रावेन्नाच्या चर्चमध्ये सहाव्या शतकातलं एक मोझेक आहे. येशूच्या एका बाजूला मेंढ्या, म्हणजे पुण्यवान, दुसऱ्या बाजूला बोकड, म्हणजे पापी, आणि बोकडांमागे एक निळा देवदूत. काही अभ्यासक त्यालाच सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र मानतात. त्याला शिंगं नाहीत, शेपटी नाही, चेहरा देखणा आहे. शिंगं, नखं, सुळे हे सगळं पुढच्या शतकांनी त्याच्या अंगावर चढवलं. तेराव्या शतकातल्या बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, एका प्रचंड हस्तलिखितात तो पानभर उभा आहे, हिरव्या तोंडाचा, लाल नखांचा. शेजारच्या पानावर स्वर्गातलं नगर आहे. दोन्ही पानं एकदम उघडी ठेवली की नजर कुठे जाते ते बघा. माझी तरी नगराकडे जात नाही.

मला सगळ्यात जवळचं चित्र मात्र आपल्याच किनाऱ्याचं आहे. लुदोविको दी वर्थेमा हा इटालियन प्रवासी मलबारातल्या कालिकतला, म्हणजे आजच्या केरळातल्या कोळिकोडला, येऊन गेला. 1510 साली रोममध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात लिहिलंय की इथला राजा सैतानाला पुजतो. 1515 साली आउग्सबुर्गमध्ये जर्मन आवृत्ती निघाली, तिच्यासाठी यॉर्ग ब्रॉय या चित्रकारानं लाकडी ठशासाठी तो ‘देव’ रेखाटला. डोक्यावर पोपसारखा मुकुट, त्याला शिंगं, पाय कोंबड्याचे, एक माणूस तोंडात आणि दुसरा हातात धरलेला. असा देव मलबारात कुणी पुजला नाही. परक्याच्या देवळात पाऊल टाकताना त्या लोकांनी आपला सैतान बरोबर आणला आणि तोच तिथे पाहिला. शेजाऱ्याचा देव तो आपला राक्षस, हे एवढं उघडं मी दुसऱ्या कुठल्याच चित्रात पाहिलेलं नाही.

हे चित्र मी मोठं करून काढत होते तेव्हा मला सातवा महिना होता.

सासूबाईंनी पलंगासमोर बाळकृष्णाचं कॅलेंडर लावलं होतं. ‘गरवार बायलमानसान असली थोबाडा बघूची नाय गो,’ असं त्या रोज सांगायच्या. मी हसायचे नाही, भांडायचेही नाही, कॅलेंडरकडे पाठ करून काढत बसायचे. त्या दिवशी तोंडातला तो छोटा माणूस राहिला होता. त्याचे पाय राक्षसाच्या ओठांबाहेर लोंबतात. एक पाय झाला, दुसरा सकाळी करू म्हणून कुंचला धुतला. रात्री अंगावरून जायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. वार आधीच सुटली होती, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रक्तदाब वाढला होता. मुलगी होती.

घरी आले तर भिंतीवर नुसते खिळे. सासूबाईंनी सगळी चित्रं मोचेमाडच्या खाडीत नेऊन सोडली होती. ‘मी तुका सांगलेलंय,’ म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. नात त्यांचीही गेली होती. मी ओरडले, कागदावरचे रंग आहेत ते, रंगांनी कुणी मरत नाही. आजही तेच म्हणेन. पण त्या आठवड्यात रात्री डोळे मिटले की मला तो अर्धा राहिलेला पाय दिसायचा, हेही खरं आहे.

पुढे मी पाझुझू काढायला घेतला. प्राचीन इराकमधला वाऱ्यावरच्या दुष्ट शक्तींचा राजा. लूव्हर संग्रहालयात त्याची वीतभर कांस्यमूर्ती आहे: विचकलेलं तोंड, चार पंख, विंचवाची शेपटी आणि डोक्यावर टांगायला कडी. लामाश्तू नावाची राक्षसीण बाळंतिणींवर आणि तान्ह्यांवर झडप घालते, तिला हाच हाकलून देतो, म्हणून बायका त्याचं मुंडकं ताईत करून वापरत. आपल्या देवळांवरचं कीर्तिमुख याच कामाचं. शंकराच्या शब्दाखातर स्वतःचं अंग खाऊन उरलेलं ते भुकेलं तोंड, दारात राखणीला बसवलेलं.

इथे माझी मलाच अडचण होते. कागदावरचे रंग काही करत नाहीत, हे मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं होतं. तसं असेल तर पाझुझूही काही करत नाही. आणि तो बाळंतिणीला राखतो असं मानलं, तर कालिकतच्या चित्रानं काही केलं नाही हे कुठल्या तोंडानं म्हणू? तेव्हाची मी यावर लगेच म्हणाली असती, ही श्रद्धेची नाही, इतिहासाची गोष्ट आहे. ते वाक्य अजूनही मला पाठ आहे, पटत मात्र तेवढं नाही.

कारण धाकटी बहीण बाळंतपणाला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या खोलीतली सगळी चित्रं मी स्वतः उतरवली. तिनं सांगितलं नव्हतं. पाझुझू तेवढा ठेवला, पलंगाच्या उशाला. भाचा सुखरूप झाला, डॉक्टर चांगले होते आणि तपासण्या वेळेवर झाल्या होत्या. बहिणीनं विचारलं, ‘रंगच आहेत म्हणतेस, मग बाकीची काढलीस कशाला, आणि हाच का ठेवलास?’

मी तिला बाळाची दुपटी वाळली का बघ म्हणून बाहेर पाठवलं. तुम्ही विचारलंत तरी याहून वेगळं काही सांगता येणार नाही. चित्रं मात्र परत लावली आहेत, कालिकतचंही पुन्हा काढलं आहे, दोन्ही पायांसकट.