तुम्ही विचारलंत म्हणून: ती माती कुणी आणली

"कथेतली ती आई तुमचीच ना? आणि त्यांनी खरंच माती आणली होती का?"

कथा 2009 सालच्या एका दिवाळी अंकात आली. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. कथा एवढीशीच. उजनी धरणाच्या बुडितात जाणाऱ्या गावातली एक बाई गाव सोडायच्या आदल्या रात्री एकटी नदीकाठी जाते. तिथे तिचं दहा दिवसांचं मूल पुरलेलं असतं. तिथली मूठभर माती ती पदरात बांधून आणते आणि नव्या गावठाणात तुळशीखाली घालते.

आजवर मी दोन उत्तरं देत आले. "काल्पनिक आहे" म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, त्याची फसवणूक झाल्यासारखा. "खरं आहे" म्हटलं की डोळे भरून येतात. म्हणून थकले असेन तेव्हा मी दुसरं उत्तर दिलंय. ते खोटं होतं. आता तर तेही मला खात्रीने सांगता येत नाही. का, ते लिहिते.

मूल खरं. आईचं तिसरं, मुलगा, 1974 सालचा. बारसं व्हायच्या आत गेला, म्हणून त्याला नाव नाही. रीतीप्रमाणे पुरला, नदीकाठच्या बाभळींपाशी. दोन वर्षांनी, 1976च्या उन्हाळ्यात, आम्ही गाव सोडलं. मी तीन वर्षांची होते. मला काहीही आठवत नाही. हे एकदा स्वच्छ लिहून टाकते, कारण "इतक्या लहानपणीचं तुम्हाला एवढं आठवतं कसं" असंही विचारतात. नाही आठवत. चौकटी उपटून ट्रकमध्ये भरल्या, वासे मोजून बांधले, जात्याची खालची तळी एका गाडीत नि वरची दुसऱ्या गाडीत गेली, हे सगळं आक्काकडून, आत्याकडून ऐकलेलं. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आहे. त्यात घर पाच खणांचं, लिंब 1, बाभळी 4, विहिरीत हिस्सा, असं सगळं मोजून लिहिलंय. मूल पुरल्याची जागा लिहायला कागदात रकाना नव्हता. तो रकाना मी भरला, असं मला वाटायचं. एका व्याख्यानात तसं बोललेही होते, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अंक घरी आला तेव्हा मी आईला कथा वाचून दाखवली. तिला अक्षरओळख बेताची. ती पडवीत हुलगे निवडत बसली होती. मी वाचत होते आणि तिचा हात परातीत फिरत होता. खडा काढायचा, बाजूला टाकायचा. बाई पदरात माती बांधते तिथे हात थांबला. मी पुढे वाचत राहिले. थांबायला हवं होतं, पण मला शेवट ऐकवायचा होता. तो शेवट मला फार आवडत होता.

संपल्यावर ती म्हणाली, "म्या न्हवते गेले बाई. जायचं व्हतं. मामांनी हाक मारली, गाडी सुटाय लागली व्हती."

मामा म्हणजे माझे आजोबा. मी म्हटलं, "आई, ही कथा आहे."

"व्हय की," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, परातीकडेच बघत, "तू धाडलंस तिला. बरं केलंस."

तिने हुलगे पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. निवडलेले सुद्धा.

त्या "बरं केलंस"चा अर्थ मी वर्षानुवर्षं माझ्या सोयीने लावला. आईचा आशीर्वाद आहे म्हणून मी अशाच आणखी चार कथा लिहिल्या. दुसऱ्याच्या दुःखावर लिहिता, असं एका वाचकाने तोंडावर सांगितलं तेव्हा मी चिडून म्हटलं होतं, दुसऱ्याच्या कुठल्या, ते मूल माझाही भाऊ होता! आजही म्हणेन. बुडितातल्या घरात वाढलेल्या पोराला स्वतःचं असं काही नसतं, जे असतं ते मोठ्यांनी सांगितलेलं. "मूळ गाव कोणतं" या प्रश्नाला आम्ही पाण्याकडे हात करतो. मी कोण, हे मला शोधायचं तर त्यांच्याच आठवणींतून जावं लागणार. पण त्या आठवणींना हात लावल्यावर त्या जशाच्या तशा राहत नाहीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी थांबले नसते.

2024च्या उन्हाळ्यात उजनी खोल मायनसमध्ये गेली. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे धरण शून्यावर आलं म्हणजे रिकामं झालं असं नाही. एकूण साठा 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट; त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, टक्केवारीत न धरलेला. शून्य टक्के म्हणतात तेव्हाही अर्ध्याहून जास्त पाणी खाली असतंच. ते उतरू लागलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं आणि फोटो काढायला गाड्या लागतात. आमचं गावठाण त्याहून साधं. जोत्यांच्या ओळी, फुटकी रांजणं, भेगाळलेला गाळ आणि त्यात रुतलेले शिंपले.

आईला घेऊन गेलो. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. भावाची मुलगी, विशीतली, मोबाईलवर चित्रण करत होती. "आज्जी, बाळ कुठं होतं?" तिने विचारलं. आईने काठीने दाखवलं. बाभळी नव्हत्याच, सपाट गाळ, पुढे चिलापी मासे धरणाऱ्यांची एक होडी उलटी पडलेली. आई म्हणाली, "हितं. हितनंच नेली म्या माती. रातचं आले व्हते, एकलीच. पदरात बांधून नेली."

मी तिच्याकडे बघितलं. ती भ्रमिष्ट नाही. दुधाचा हिशेब तोंडी ठेवते, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं ते तिला पाठ आहे. पुढे म्हणाली, "चांदणं व्हतं." चांदणं माझं होतं. कथेच्या तिसऱ्या परिच्छेदातलं.

मी काही बोलले नाही. भाचीसमोर काय बोलणार? आणि एकांतात तरी काय? "आई, तू गेली नव्हतीस" हे तिला सांगण्याचा हक्क मला आहे का? जी गोष्ट तिला आयुष्यभर टोचली ती काढून घेतली, हे चांगलंच झालं, असं आक्का म्हणते. मला तसं म्हणता येत नाही. गाडी सुटताना मागे वळून बघणारी, न जाता आलेली सव्वीस वर्षांची बाई आता कुणाच्याच आठवणीत नाही, फक्त माझ्या आहे, आणि मीही ती पाहिलेली नाही. तिच्याजागी मी एक धीट बाई आणून उभी केली. कथा लिहिली त्या रात्री मी हेच चांगलं समजत होते. आज लिहिलं असतं तर तिला गाडीतच बसवली असती का? कधी वाटतं हो. मग आईचा गाळावर उभी असतानाचा चेहरा आठवतो, आणि नाही वाटतं.

यंदा भाऊ घर पाडून नवीन बांधतोय. वृंदावन हलवायचं ठरलं तेव्हा आई गवंड्याला म्हणाली, "थांब, खालची माती काढू दे." भावाने विचारलं, "कुठली माती?" तिने माझ्याकडे बघितलं.

मी खुरपं घेऊन खाली बसले. वीतभर खोल गेले. काळी माती, मुळांची जाळी, एक गांडूळ. अंगणात सगळीकडे असते तशीच. आईने स्वयंपाकघरातून झाकणाचा स्टीलचा डबा आणून दिला आणि भरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

डबा सध्या माझ्या घरी आहे, घर होईपर्यंत.