आमची वाटचाल : शतकमाळेपासून संगणक वर्गापर्यंत

'शैक्षणिक साहित्य व संगणक प्रशिक्षण' अशी आमच्या कऱ्हाडच्या दुकानाची पाटी आहे. एका पाटीवर दोन धंदे कसे, असं नवं गिऱ्हाईक विचारतं. जुनं विचारत नाही.

शाळांना शिकवण्याचं साहित्य देणाऱ्या सरकारी खडू-फळा योजनेच्या दिवसांत वडिलांनी सुरुवात केली. स्क्रीन प्रिंटिंगची लाकडी चौकट, शाई ओढायची रबरी स्क्वीजी आणि तक्ते वाळत घालायला जिन्यातल्या तारा, एवढंच भांडवल. शाईचा वास घरातल्या आमटीलाही यायचा. पण आमचं नाव झालं ते पोरांना मोजणी शिकवायच्या शतकमाळेमुळे. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी. ओवताना मोजणी चुकू नये म्हणून वडिलांनी बरोबर दहा मणी मावतील अशी सागवानी खाच कोरली होती. खाच भरली की रंग बदलायचा. वहिनी टीव्ही बघत बघत दिवसाला चाळीस माळा ओवत. एकही चुकली नाही.

2006 साल मात्र आमच्या मुळावर आलं होतं. संगणक वर्गासाठी कर्ज काढून दहा मशीन घेतली होती. एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाला गर्दी होती, पण भारनियमन इतकं, की इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांवर नफा संपायचा. त्यातच साहित्यपेट्यांची एक मोठी मागणी निघाली. नमुना म्हणून आमचीच माळ ठेवून घेतली. 'तुमचंच धरा, मणी आणून ठेवा,' असं तोंडी सांगितलं गेलं. आम्ही पोती भरून मणी आणले. काम गेलं मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे. भाव कमी भरला, ठीक आहे, धंदा आहे. पण त्यानं माळ केली एकरंगी! शंभरच्या शंभर निळे मणी. अहो, त्या माळेवर पोरानं 47 दाखवायचे कसे? आमच्या माळेवर ते चार पट्टे सोडून सात मण्यांवर बोट ठेवतं. त्या निळ्या माळेवर बिचारं एकापासून मोजत बसतं. तपासणाऱ्याला हे दिसलं नाही, कारण त्यानं मणी मोजले, बोट ठेवून पाहिलं नाही. आजही आठवलं की जेवण जात नाही.

वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. वरचा मजला भाड्यानं द्यायचं ठरलं होतं.

तेवढ्यात पाटण खोऱ्यातल्या वाडीवरचे गुरुजी आले. द्विशिक्षकी शाळा, दर जूनला आमच्याकडे यायचेच. तेव्हा सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी शिक्षकामागे वर्षाला 500 रुपये मिळत. गुरुजींनी केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एकतीस शिक्षकांचे पैसे गोळा करून रुमालात बांधून आणले होते. साडेपंधरा हजार. वर म्हणाले, "ह्यातल्या निम्म्यांची एमएस-सीआयटी राहिलीय. रविवारची बॅच काढा, वीज असेल त्या वेळेला." आम्ही पहाटे साडेपाचची काढली.

गुरुजी स्वतः पहिल्या बाकावर. माऊस हवेत उचलायचे, बाण का हलत नाही म्हणून माझ्याकडे बघायचे. पण मराठी टाईप करायचा इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड दाखवला आणि त्यांचा चेहरा खुलला. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, 'क'वर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'वर 'घ'. "हा तर आपला वर्णमालेचा तक्ताच आहे की!" म्हणाले. इतर सर मंडळी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून फाईल पाठवायची आणि समोरच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडायची. गुरुजी युनिकोडवर, म्हणजे दुसऱ्या संगणकावरही मराठी मराठीच दिसतं त्या पद्धतीवर, गेले ते कायमचे. दोन महिन्यांत शाळेची प्रश्नपत्रिका त्यांनी स्वतः टाईप केली.

पुढची वर्षं बरी गेली.

मुख्याध्यापकांनी विचारलेलं नाही, तरी त्यांना सांगतो. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद केली की साहित्याचं कपाट उघडं ठेवा. दोन मणी हरवले तर लेखी खुलासा मागू नका. संगणकावरचं ते भरतकाम केलेलं कापड आधी काढा. आणि पोरांना पेंटब्रशमध्ये महिनाभर रमवण्यापेक्षा गावातल्या घरांची मोजणी करून एक्सेलमध्ये भरायला लावा. बेरजेचं सूत्र कशाला असतं, ते मग सांगावं लागत नाही.

गेल्या जूनमध्ये गुरुजींच्या शाळेतल्या नव्या बाई आल्या होत्या. पिशवीतून आमची जुनी माळ काढली. दोरा काळा पडलेला, तीन मणी गायब, लाल रंग उडून लाकूड दिसतंय. "नवी घ्या," मी म्हटलं. "नको, पोरांना हीच हवी," म्हणाल्या. दोऱ्याचे वीस रुपये घेतले. खाच अजून आहे, पण डोळ्यांमुळे वहिनी आता ओवत नाहीत, मीच ओवली.