मागच्या बाकावरून : परदेशातील स्वयंसेवेचा वृत्तांत

मी ज्या शाळेत स्वयंसेविका म्हणून काम केले, तेथील बहुतेक मुले स्थलांतरित मजुरांची आहेत. काम मिळेल तिकडे घर हलते, त्यामुळे वर्ष पुरे होण्याआधी शाळा सुटणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. मुलांची ओळख सुरक्षित राहावी म्हणून शाळेचे आणि शहराचे नाव देत नाही. तशी लेखी हमी मी जाण्यापूर्वीच दिली होती.

काम होते सामाजिक-भावनिक शिक्षणाचे. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या ‘कासेल’ या संस्थेने या शिक्षणाची पाच अंगे मांडली आहेत : स्वतःच्या भावनांची जाणीव, स्वतःवर ताबा, इतरांच्या भावनांची जाण, नाती जोडण्याचे कौशल्य आणि जबाबदारीने निर्णय घेणे. शाळांमधील अशा २१३ कार्यक्रमांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे शिक्षण मिळालेल्या मुलांची शैक्षणिक प्रगतीही इतरांपेक्षा सरस आढळली, आणि वर्गावरचे नेहमीचे शिक्षक हे कार्यक्रम उत्तम रीतीने चालवू शकतात, असेही दिसून आले. जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा दुसरा निष्कर्ष आधी मनावर घ्यावा, कारण आपली खरी जागा त्यावरूनच ठरते. मुलांना रोज भेटणारे, पुढच्या महिन्यातही असणारे माणूस हवे असते आणि ते माणूस म्हणजे स्थानिक शिक्षिका. तिच्या कामाला हातभार लावणे, एवढेच आपले काम.

ते प्रत्यक्षात कसे दिसते, याचा एक प्रसंग सांगते. वर्गाच्या भिंतीवर आनंद, दुःख, राग आणि भीती दाखवणाऱ्या चेहऱ्यांचा तक्ता होता. मुले आत येताना आपल्या नावाचा चिमटा हव्या त्या चेहऱ्यावर लावत. एका सकाळी एका मुलाने चिमटा रागावर लावला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी उठू लागताच शिक्षिकेने मला डोळ्यांनीच थांबवले. ती त्याच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली आणि त्याच्याकडे न पाहता रंगीत पेन्सिली निवडू लागली. थोड्या वेळाने तो एकेक पेन्सिल उचलून तिच्या हातात देऊ लागला. तेव्हा कुठे तिने हळूच विचारले, ‘राग कुठे आहे, डोक्यात की पोटात?’ त्याने छातीवर हात ठेवला. मग दोघांनी मिळून लांब श्वास सोडले आणि तो आपण होऊन मुलांच्या गोलात येऊन बसला. घाबरलेल्या किंवा चिडलेल्या मुलाला परक्या माणसाचा खांद्यावरचा हातसुद्धा धाकासारखा वाटू शकतो; हे प्रशिक्षणात ऐकले होते, त्या दिवशी पटले.

माझा बहुतेक वेळ चित्रपट्ट्या तयार करणे, गोलात कोण बोलले आणि कोण गप्प राहिले याची नोंद ठेवणे, आणि शाळा सुटल्यावर शिक्षिकेबरोबर दुसऱ्या दिवशीच्या नाट्यखेळाची तयारी करणे यांत गेला. यात कमीपणा मुळीच नाही.

संस्था निवडताना मात्र कठोर राहावे. अनाथालयांतील अल्पकालीन स्वयंसेवा मी पूर्णपणे टाळली आणि इतरांनीही टाळावी, असे माझे ठाम मत आहे. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुण्यांचा ओघ टिकवण्यासाठी मुलांना घरापासून दूर ठेवले जाण्याचा धोका असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखण्याचे आवाहन केले आहे. जी संस्था पोलिसांचा चारित्र्य दाखला, पूर्वीच्या कामाचे संदर्भ आणि मुलाखत यांपैकी काहीही मागत नाही, तिच्याकडे जाऊ नये. जी आपल्याकडे हे सारे मागते ती इतरांकडेही मागत असेल, आणि त्यातच मुलांची सुरक्षितता आहे. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करावा. विनावेतन काम पर्यटक व्हिसावर चालते असे गृहीत धरू नये, अनेक देशांत ते चालत नाही. दूतावासाकडून लेखी उत्तर घ्यावे. हाताशी वेळ थोडा असेल तर मुलांच्या गटाऐवजी शैक्षणिक साहित्याच्या निर्मितीत किंवा शिक्षकांच्या प्रशिक्षणात मदत मागून घ्यावी.

सर्वांत जास्त तयारी लागते ती मुलाने अचानक मन मोकळे केले तर काय करावे, याची. घरी मारहाण होते किंवा कोणी त्रास देते असे मुलाने सांगितले, तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, खोदून प्रश्न विचारू नयेत आणि जखमांची छायाचित्रे काढू नयेत. शांतपणे ऐकावे, सांगितलेस ते बरे केलेस असे म्हणावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून काढावेत आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावेत. ती व्यक्ती कोण, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. असे ऐकलेले रात्री मनात घोळत राहते; समन्वयकाशी आठवड्यातून एकदा बोलण्याची वेळ ठरवून घेतल्याचा मला फार आधार झाला.

भेटवस्तू एखाद्या मुलाला न देता शाळेला द्याव्यात.

निरोपाची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. आम्ही वर्गात माझ्या परतीचा दिवस दाखवणारी दिनदर्शिका लावली होती आणि मुले रोज एक चौकोन रंगवत. जिवाभावाची माणसे न सांगता निघून गेल्याचे ज्यांनी सोसले आहे, त्यांना जाणे आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे. पुन्हा येण्याचे वचन देऊ नये आणि वैयक्तिक संपर्क क्रमांकही देऊ नये. शेवटच्या आठवड्यात नवा उपक्रम सुरू करू नये. साहित्याच्या मूळ प्रती आणि नोंदवही शिक्षिकेकडे सोपवावी, आणि आपल्या फोनमध्ये मुलांविषयी काही टिपून ठेवले असेल तर तेही तिला देऊन निघण्यापूर्वी पुसून टाकावे.