तीनशे अब्ज डॉलर आणि खारपाणपट्ट्यातलं शेततळं

नोव्हेंबर 2024 चा शेवटचा आठवडा. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातल्या (खारं भूजल असलेल्या पट्ट्यातल्या) एका गावात ग्राम कृषी संजीवनी समितीसोबत शेततळ्यांची पाहणी चालली होती. बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचा शब्द दिल्याची बातमी ताजी होती. समितीतल्या एका काकांनी विचारलं, "साहेब, त्यातले आपल्या गावाले किती भेटतीन?"

आम्ही उभे होतो ते तळं 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, बाजूचा उतार एकास एक. काठोकाठ भरलं की 2196 घनमीटर पाणी. एकरभर हरभऱ्याला 5 सेंटिमीटरचं एक संरक्षित (ताणाच्या वेळी पीक वाचवणारं) पाणी म्हणजे सुमारे 200 घनमीटर; बाष्पीभवन वजा जाता सात-आठ एकर निघतात. इथं भूजल खारं, म्हणून हेच पाणी कामाचं. तळं पोकरातलं, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातलं, आणि पोकराला जागतिक बँकेचे 42 कोटी डॉलर 2018 मध्ये मंजूर झाले ते कर्ज म्हणून. शेतकऱ्याला अनुदान, राज्याला कर्ज.

"मंग फेडणार कोन?"

राज्याची तिजोरी. तरी विकास बँकांची अशी कर्जंही हवामान-मदतीत मोजली जातात, तीही दर्शनी रकमेनं, म्हणजे परतफेड वजा न करता. 2009 मध्ये कोपनहेगनला ठरलेले वर्षाला 100 अब्ज 2020 पर्यंत यायचे होते. ते 2022 मध्ये पूर्ण झाले, आकडा 115.9 अब्ज, त्यातल्या सरकारी पैशात दोन तृतीयांशाहून जास्त कर्जच. तळ्यासारख्या अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, कामांना 32.4 अब्ज.

शब्द आणि पैसा यांतलं अंतर वेगळंच. अमेरिकेनं 2014 मध्ये हरित हवामान निधीला (विकसनशील देशांच्या हवामान-कामांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीला) 3 अब्ज डॉलर कबूल केले, जानेवारी 2017 पर्यंत 1 अब्ज दिले, पुढं सरकार बदललं आणि हप्ते थांबले. ब्रिटननं पाच वर्षांत 11.6 अब्ज पौंड हवामान-मदत देऊ म्हटलं. गाठणं जड जाताच मोजणीचे नियम बदलून, आधीच चालू असलेल्या मानवतावादी मदतीतला काही भाग त्यात धरला. असा आकडा वाढतो, पण नवा पैसा येत नाही.

मागून एक बाई म्हणाल्या, "माह्या पूर्वसंमतीसारखंच हाय हे."

अगदी. त्यांना तळ्याची पूर्वसंमती, म्हणजे अनुदानाची आगाऊ मंजुरी, होती, जेसीबीला द्यायला रोकड नव्हती. आधी स्वखर्चानं खोदा, जिओ टॅग फोटो, जागेवर तपासणी, पोर्टलवर देयक, मग आधार जोडलेल्या खात्यात जमा. वरही तोच क्रम: राज्य आधी खर्च करतं, मग दिल्लीमार्फत जागतिक बँकेकडे परतावा मागतं. ज्याच्याकडे आधी पैसा नाही तो पहिल्याच पायरीवर अडतो, आणि मंजुरीच्या यादीत ते दिसत नाही.

पुढच्या आराखड्यात मंजूर तळी आणि खोदलेली तळी असे दोन रकाने ठेवायचे, आणि जी खोदली गेली नाहीत त्यांच्यापुढं अडलं कुठं ते लिहायचं, असं समितीनं तिथंच ठरवलं.