इंडेंटवर नुसतं 'टेफ्लॉन पॅकिंग' लिहू नका

कोकणात लोटे एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल प्लँटमध्ये गॅस्केटला, म्हणजे पाइपांच्या सांध्यात गळती थांबवायला बसवतात त्या चकतीला, कुणी गॅस्केट म्हणत नाही, पॅकिंग म्हणतात. स्टोअरच्या इंडेंटवरही (मागणीपत्रावर) तसंच जातं: 'टेफ्लॉन पॅकिंग, २ इंची, दीडशे क्लास (फ्लँजचा दाबाचा वर्ग), ३ मिमी, नग १०.' मेंटेनन्समध्ये मला सतरा वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं मीही हेच लिहीत होतो.

मग एका जुलैत कॉस्टिकची, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची (लायीची), लाइन गळली. ४८ टक्के लाय, ८० अंशांच्या आसपास गरम, स्टेनलेस स्टीलची दोन इंची लाइन. उन्हाळ्यात कॉस्टिक पाझरलं की फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने जोडलेल्या पाइपांच्या चपट्या तोंडांच्या, कडेला पांढरी खपली धरते, लांबूनही दिसते. पण कोकणातल्या पावसात पाइपरॅकवरून सगळीकडूनच ठिबकत असतं. त्यातलं पाणी कुठलं आणि लाय कुठली, ओळखायचं कसं? शिफ्टमधल्या एका मुलाने पीएच पेपर लावून बघितला म्हणून कळलं. पेपर गर्द निळा झाला. त्या रॅकखालून दिवसभर माणसांची ये-जा. गरम लायीचा एक थेंब डोळ्यात गेला असता तर काय झालं असतं, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आमचे जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, मार्चमध्येच नवीन टाकलंय मी. टेफ्लॉन आहे, टेफ्लॉनला काय होतंय?" तात्पुरता उपाय म्हणून लाइन बंद करून, थंड करून त्यांनी बोल्ट आवळले. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. शेवटी लाइन धुऊन, परमिट काढून फ्लँज उघडली.

ते पॅकिंग मी पाण्याखाली बराच वेळ धुतलं आणि हातमोजे घालून टेबलावर ठेवलं. बाहेरचा अर्धा भाग गुळगुळीत, नव्यासारखा. आतली कडा मात्र चुन्याच्या भिंतीसारखी भुसभुशीत, पट्टीने खरवडली तर पूड निघत होती. भिंगातून बघितलं तर तिथे बारीक बारीक पोकळ रेघा. टेफ्लॉन जागेवर होतं. त्याच्यात जे मिसळलेलं होतं ते निघून गेलं होतं.

आलेला माल ग्लास-फिल्ड होता, म्हणजे टेफ्लॉनमध्ये काचेचे बारीक तंतू. गरम आणि तीव्र कॉस्टिक काच खातं. तंतू विरघळले, त्यांच्या जागी बोगदे राहिले, आणि लायीने त्यातूनच वाट काढली. केमिकल रेझिस्टन्सच्या तक्त्यात 'पीटीएफई – कॉस्टिक' या चौकटीत 'उत्तम' लिहिलेलं असतं (पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनच), आणि ते खोटं नाही. पण तो तक्ता शुद्ध पीटीएफईचा. फिलरचा, म्हणजे आत मिसळलेल्या पदार्थाचा, हिशेब त्यात नसतो.

मग काच मिसळायचीच कशाला? कारण शुद्ध टेफ्लॉनची खोड. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना वायूच्या सिलिंडरमध्ये ही मेणचट पांढरी पूड अचानक सापडली, तेव्हापासून रसायनांना दाद न देणारा पदार्थ म्हणून तिचं नाव झालं. पण दाबाखाली तो हळूहळू पसरतो. याला कोल्ड फ्लो म्हणतात. आज बोल्ट पक्के आवळले तरी पॅकिंग रात्रीतून थोडं दबतं, बाहेर सरकतं, आणि बोल्टमधला ताण उतरतो. वर तापमानाचा त्रास वेगळाच. टेफ्लॉन स्टीलच्या साधारण दहापट प्रसरण पावतं. लाइन तापली की फुगून बाहेर येतं, थंड झाली की आकसतं, पण सरकलेलं परत येत नाही. म्हणून बॅच प्लँटमध्ये, जिथे दिवसातून दोनदा गरम-थंड होतं, तिथे शुद्ध टेफ्लॉनची पॅकिंगं लवकर ढिली पडतात. फिलर या पसरण्याला आवर घालतो.

म्हणून प्रश्न 'टेफ्लॉन की दुसरं काही' इथे संपत नाही. टेफ्लॉनमध्ये काय आहे, हे विचारावं लागतं. काच किंवा सिलिका असलेलं बहुतेक ॲसिडला चांगलं, पण गरम कॉस्टिकला नाही, आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडला तर कधीच नाही. कॉस्टिकला मी आता बेरियम सल्फेट भरलेलं, दोन्ही दिशांना ताणून तयार केलेलं शीट मागवतो. कार्बन भरलेलं कॉस्टिकला चालतं, पण ओलियम (अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिड) किंवा गरम नायट्रिकसारख्या ऑक्सिडायझरजवळ मी ते जाऊ देत नाही. जिथे फ्लँजची ताकद कमी आहे, एफआरपीची (फायबर घातलेल्या प्लास्टिकची) लाइन वगैरे, तिथे एक्सपांडेड, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेलं, पीटीएफई. ते मऊ असतं, कमी दाबात बसतं, आणि साध्या टेफ्लॉनपेक्षा पुष्कळ कमी पसरतं. शीटचा रंग बघून ओळखू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एका कंपनीचा निळा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा निळा नव्हे. डेटाशीटच मागा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तुकडा ओळखायला लायटर लावून बघू नका. मी हे होताना बघितलंय. टेफ्लॉन फार तापलं की निघणारा धूर विषारी असतो. पॅकिंग कापल्यावर हात न धुता बिडी-सिगारेट ओढणंही तितकंच वाईट. बोटांवरची पूड निखाऱ्यावर जाते आणि संध्याकाळी तापासारखी कणकण येते. माणूस फ्लू समजून घरी झोपतो.

जाडीबद्दल काकांशी माझा वाद वर्षभर चालला. त्यांचं म्हणणं, जाड म्हणजे मजबूत. टेफ्लॉनच्या बाबतीत उलटं आहे. जितकं जाड, तितकं पसरायला माल जास्त. फ्लँजचे चेहरे सरळ आणि स्वच्छ असतील तर दीड मिमी पुरे. तीन मिमी मी खडबडीत किंवा वाकड्या चेहऱ्यांसाठीच ठेवतो. ग्लास-लाइन्ड, म्हणजे आतून काचेचा थर असलेल्या, रिॲक्टरच्या नोझलला तर आमच्याकडे एन्व्हलप पॅकिंगच लागतं, बाहेर टेफ्लॉनचं कव्हर आणि आत मऊ इन्सर्ट, कारण काचेचा चेहरा लाटेसारखा असतो. तिथे फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजल्याशिवाय कुणी पाना हातात घ्यायचा नाही. जोर लावून फट मिटवायला गेलं की काच तडकते, आणि मग पॅकिंगचा नव्हे, रिॲक्टरचा खर्च.

बसवताना पॅकिंगला ग्रीस लावायचं नाही. त्याने ते आणखी घसरतं. वंगण फक्त बोल्टच्या आट्यांना आणि नटखाली. टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) समोरासमोरचे बोल्ट, आधी ठरलेल्या जोराच्या तीसेक टक्के, मग साठ-सत्तर, मग पूर्ण, आणि शेवटी गोल फिरून एकदा. दुसऱ्या दिवशी लाइन सुरू व्हायच्या आधी, थंड असताना, पुन्हा टॉर्क बघायचा. हा दुसऱ्या दिवशीचा टॉर्क सगळ्यात जास्त चुकवला जातो, कारण तोवर प्रॉडक्शनचे फोन सुरू झालेले असतात. मी आता सुरू करायच्या चेकलिस्टवर त्याचीच सही मागतो. गरम, दाबाखालच्या लाइनवर मात्र बोल्टला हात नाही.

काही ठिकाणी मी टेफ्लॉन घेतच नाही. स्टीमची लाइन, थर्मिक फ्लुइडची (उष्णता वाहून नेणाऱ्या गरम तेलाची) लाइन, आणि जिथे आग लागली तर सील टिकलंच पाहिजे अशा सॉल्व्हंटच्या जागा. कॅटलॉगमध्ये २६० अंश लिहिलेलं असतं. तेवढ्यावर पदार्थ टिकतो म्हणून सांधाही टिकेल असं नाही. अशा ठिकाणी ग्रॅफाइट भरलेलं स्पायरल वूंड, म्हणजे धातूची पट्टी गुंडाळून केलेलं पॅकिंग.

आमच्या इंडेंटवर आता चार ओळी जास्त असतात: आत काय वाहतं आणि किती टक्के, जास्तीत जास्त तापमान, दाब, आणि फिलर कोणता. पर्चेसवाले सुरुवातीला कुरकुरले, कारण बेरियम सल्फेटचं शीट महाग पडतं. मी ते खरवडलेलं जुनं पॅकिंग त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि आतल्या कडेवर पट्टी फिरवून दाखवली. इंडेंट त्याच दुपारी पास झालं. त्या लाइनवर आता बेरियम सल्फेटचं दीड मिमी आहे, फ्लँजवर शील्ड आहे, आणि पावसाळ्यात दर सोमवारी पीएच पेपर लावायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलंय.