आरक्षित वेळ आणि सोलापूरहून निघालेली गाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातील नऊ माणसे पहाटे साडेचार वाजता मिनी बसने सोलापूरहून निघाली. पुण्यापलीकडच्या एका मनोरंजन उद्यानाची तिकिटे मी तीन आठवडे आधी काढली होती आणि मुलांनी ज्या राइडचा ध्यास घेतला होता, तिच्यासाठी जास्तीचे पैसे भरून साडेअकरा ते साडेबारा ही वेळही राखून ठेवली होती. टेंभुर्णी, इंदापूर मागे पडले, भिगवणला चहा झाला, तोपर्यंत आम्ही अगदी वेळेवर होतो. हडपसरच्या अलीकडे मात्र गाडी दीड तास जागची हलली नाही. उद्यानाच्या दारात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. राइडपाशी उभ्या असलेल्या मुलाने माझा मोबाइल पाहिला आणि म्हणाला, "ताई, तुमची वेळ संपली आहे, सिस्टीम आता घेणार नाही. साध्या रांगेतून जावे लागेल." त्या रांगेत आम्ही दोन तास उभे राहिलो. शेजारच्या कठड्यापलीकडून आरक्षण असलेली कुटुंबे सरळ पुढे जात होती. माझ्या आठ वर्षांच्या पुतणीने विचारले, "काकू, आपणपण पैसे दिले होते ना?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. घरी परतल्यावर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले आणि माझ्या मनातला गोंधळ बराच दूर झाला. आपण ज्याला सरसकट आरक्षण म्हणतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. उद्यानात एका दिवशी एकूण किती माणसे येऊ द्यायची, हे ठरवणारे आरक्षण ही एक. आणि आत आलेल्या माणसांपैकी कोणी आधी बसायचे, हे ठरवणारे आरक्षण ही दुसरी. पहिल्याने गर्दी खरोखर कमी होते. दुसऱ्याने ती केवळ वेगळ्या रीतीने वाटली जाते.

हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एका राइडमध्ये 24 जण बसतात आणि ती दर दोन मिनिटांनी सुटते असे धरले, तर तासाला 720 माणसे बसतील. आरक्षण ठेवा किंवा ठेवू नका, 721वा माणूस त्या तासात बसणार नाही. आता रांगेत आपल्यापुढे 220 माणसे आहेत असे समजू. आरक्षण नसेल तर अठरा-एकोणीस मिनिटांत आपला क्रमांक येतो. परंतु 720 पैकी 500 जागा आरक्षणवाल्यांसाठी राखल्या, तर साध्या रांगेला तासाला 220 जागाच उरतात आणि तितक्याच लांबीच्या रांगेत आपल्याला पूर्ण एक तास उभे राहावे लागते. रांगेची लांबी पाहून थांबायचे की नाही हे ठरवण्याची आपली जुनी सवय येथे निरुपयोगी ठरते, कारण रांग दिसते छोटी आणि सरकते मुंगीच्या पावलाने. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम रांगांच्या शास्त्राच्या मुळाशी आहे: एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती माणसे असतील, हे माणसे येण्याचा वेग आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ आत थांबतो यांच्या गुणाकारावर ठरते. या गुणाकारातून माणसे नाहीशी करता येत नाहीत. ती राइडच्या रांगेतून काढली, तर उपाहारगृहात, स्वच्छतागृहापाशी आणि रस्त्यांवर येतात.

अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले तेव्हा प्रवेश निमंत्रितांपुरताच होता. पण बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन इतके लोक आत आले की सारी व्यवस्था कोलमडली. राइडच्या वेळेचे आरक्षण देणारा फास्टपास 1999 मध्ये आला आणि तो अनेक वर्षे तिकिटधारकांना विनामूल्य मिळत होता. 2021 मध्ये तो बंद होऊन त्याची जागा सशुल्क व्यवस्थेने घेतली. कोरोनामुळे बंद राहिल्यानंतर जुलै 2020 मध्ये फ्लोरिडातील उद्याने उघडली तेव्हा तिकिटाखेरीज दिवसाचे वेगळे आरक्षणही सक्तीचे झाले, आणि माणसांत अंतर राखण्यासाठी ते आवश्यकच होते. साथ ओसरल्यावरही ते चालू राहिले. ठरावीक तारखेच्या तिकिटांसाठीची ही अट 9 जानेवारी 2024 रोजी उठली. दरम्यान कॅलिफोर्नियात वार्षिक पास घेतलेल्यांनी, पास असूनही हव्या त्या दिवसाचे आरक्षण मिळत नाही म्हणून दावा लावला आणि कंपनीने 95 लाख डॉलर देऊन तो मिटवला. पास विकत घेतलेल्या माणसाला दार बंद दिसले की त्याला फसवल्यासारखे वाटते, मग तो कॅलिफोर्नियातला असो की सोलापूरचा.

एकूण संख्येवरचे बंधन मला मात्र मनापासून मान्य आहे. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर गड्डा, म्हणजे आमची जत्रा, भरतो, तेथे मी लहानपणापासून जाते. उंच पाळण्याला आरक्षण नसते. समोर गर्दी दिसते, ती पाहून आपण थांबतो किंवा आधी भेळ खाऊन येतो. यातला मोकळेपणा मला फार प्रिय आहे. तरीही शोभेच्या दारूकामाच्या रात्री मुलाचा हात घामाने निसटेल की काय, या भीतीने मी अनेकदा बाहेर पडण्याची वाट शोधली आहे. आणि टोकन दिले की प्रश्न सुटला असेही नसते. 8 जानेवारी 2025 रोजी तिरुपतीला वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनांसाठीच चेंगराचेंगरी होऊन सहा भाविकांचा मृत्यू झाला. दर्शनाची गर्दी आवरण्यासाठी योजलेली वस्तूच गर्दीचे कारण ठरली. टोकन कोठे, केव्हा आणि किती खिडक्यांवर वाटायचे, याचा विचार दर्शनबारीइतकाच काळजीपूर्वक व्हायला हवा.

मोबाइलवरील आरक्षणाने ती खिडकीवरची रेटारेटी टळते, हे मोठेच काम आहे. पण त्यासाठी माणसाला आपला दिवस आधी माहीत असावा लागतो. माझे धाकटे दीर सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर, आहेत. टॉवेलची मोठी ऑर्डर आली की त्यांची सुट्टी रद्द होते आणि मिळाली तर ती आदल्या दिवशी संध्याकाळी कळते. तीन आठवडे आधीची तारीख निवडणे त्यांना शक्यच नसते. दिवाळीच्या त्या सहलीतही ते ऐन वेळी येऊ शकले नाहीत आणि त्यांच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून उद्यानांकडे माझी मागणी साधी आहे. रोजच्या एकूण संख्येतील काही वाटा आदल्या संध्याकाळी खुला व्हावा. राइडची वेळ चुकलेल्या कुटुंबाला त्याच दिवशी, गर्दी कमी असेल त्या तासात, पुन्हा संधी मिळावी. आमच्या राइडची साधी रांग साडेपाचनंतर जवळजवळ रिकामी होती, हे मी स्वतः पाहिले. आणि साध्या रांगेच्या तोंडाशी तेथील खरा प्रतीक्षाकाळ ठळक लिहिलेला असावा.

दिरांना पुढच्या महिन्यात दोन दिवस मिळतील अशी शक्यता आहे. पुतणीने तोपर्यंत पाळण्याचे चित्र काढून फ्रिजवर चिकटवले आहे, आणि त्यात या वेळी तिचे बाबा तिच्या शेजारी बसलेले आहेत.